उगारलेला हात

समीक्षाने माझ्या सासऱ्यांना काळा चौकोन केलं होतं आणि स्वतःला काळं वर्तुळ.

बारावीच्या बायोलॉजीचा प्रोजेक्ट होता. घरातल्या तीन पिढ्या कागदावर मांडायच्या, पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, आणि एखादा गुण ज्याच्यात असेल त्याची आकृती काळी भरायची. बाकीच्या पोरींनी कानाची पाळी चिकटलेली की सुटी, जीभ गुंडाळता येते की नाही, असलं काहीतरी घेतलं होतं. आमच्या बाईसाहेबांनी घेतला राग. वरच्या ओळीत तिचे आजोबा भागोजी, काळे. शेजारी आजी चंद्राबाई, पांढरी. खालच्या ओळीत माझा नवरा प्रवीण, पांढरा, आणि त्याला जोडून मी, मीही पांढरी. माझ्याकडे ब्लाउज शिवायला टाकणाऱ्या बायकांनी हे पाहिलं असतं तर हसून लोळल्या असत्या, माझा राग त्यांना चांगला ठाऊक आहे. सगळ्यात खाली एकटी समीक्षा, बॉलपेनने इतकी दाबून भरलेली की कागद मागच्या बाजूने फुगला होता. तळाला वाक्य लिहिलं होतं, 'हा गुण एक पिढी वगळून उतरतो.' मॅडमनी लाल शाईने 'छान' असा शेरा दिला होता.

"हे बघ म्हणजे तुला कळेल," समीक्षा म्हणाली. "मी नर्सिंगचा फॉर्म भरणार नाही."

"का?"

"पेशंट म्हातारे असतात, आई. रविवारी काय झालं ते बघितलंस ना? जीन्समध्येच आहे ते. मी काय करणार त्याला?"

सातवीपासून ही पोर नर्स व्हायचं म्हणत होती. बिरवाडीतल्या आमच्या एका खोलीत तिने भिंतीवर शरीराच्या हाडांचा तक्ता लावला होता, आणि मी गिऱ्हाइकाची मापं घेताना ती त्या बाईला खांद्याच्या हाडाचं नाव सांगायची. ती आता तो तक्ता काढून गुंडाळी करून ठेवत होती. मी मशीनवर बसून होते. शिवण अर्धी राहिली होती आणि पुढे काही सुचत नव्हतं.

रविवारी झालं ते असं. माझ्या सासूबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी कुडपणहून आमच्याकडे आल्या होत्या. दुपारी जेवताना त्या समीक्षाला तिसऱ्यांदा म्हणाल्या, "आनकी भात घे गो आबा." समीक्षाने ताट एका बोटाने पुढे सरकवलं. डाव्या तळव्याने तोंड पुसलं. अगदी हळू आवाजात विचारलं, "काय म्हनलीस?" माझी पोर एरवी 'म्हणालीस' म्हणते. आणि मग तिने आजीच्या कानाखाली मारली.

म्हातारी रडली नाही. पदर सावरून म्हणाली, "मार रे आबा. तुझाच हक्क हाय." समीक्षा मोरीत गेली आणि कितीतरी वेळ नळ सोडून हात धूत बसली.

आबा म्हणजे भागोजी, माझे सासरे. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही असंही म्हणतात, आणि आमच्याकडे ती मेल्यावरही गेली नाही, तेव्हा मला बोलायची मुभा आहे. पोलादपूरच्या वर कुडपणच्या पठारावर ते नाचणी आणि वरी करायचे. गावात कोणाशी तंटा नाही, देवळाच्या कामाला सगळ्यांच्या आधी हात लावणार. घरात तोच हात बायकोवर. आरडाओरडा करायचे नाहीत. ताट सरकवणं, तोंड पुसणं, "काय म्हनलीस?", आणि हात वर. आत्याबाईंचा, म्हणजे सासूबाईंचा, डावा कान त्यातच बहिरा झाला. लग्नानंतर पहिली दोन वर्षं मी त्या घरात होते. तो प्रश्न ऐकू आला की मी चुलीकडे तोंड करायचे आणि भाकऱ्या थापत राहायचे. वय वीस होतं, नवी सून होते, हे सगळं खरं आहे. तरीही मला त्या भाकऱ्यांची आजही लाज वाटते.

पुढे आम्ही मुंबईला गेलो. प्रवीण एका गोदामात, मी शिलाईच्या कारखान्यात. सहा वर्षं डॉक्टर झाले, नवस झाले, मूल झालं नाही. शेवटी गावात कोणाला न सांगता एका संस्थेत दत्तकासाठी नाव नोंदवलं. त्याच श्रावणात भागोजी गेले. सकाळी बांधावर बसले ते उठलेच नाहीत.

आमच्याकडे दहाव्याच्या रात्री, मयताला जिथे निजवलेलं असतं तिथे तांदळाचं पीठ चाळून पसरतात, शेजारी दिवा ठेवतात आणि वर टोपली पालथी घालतात. सकाळी टोपली उचलायची. पिठात गायीचा खूर दिसला, पाखराचा पाय दिसला, तर गेलेला माणूस त्या जन्माला गेला असं समजतात. खरं तर बहुतेक वेळा उंदीर नाहीतर मुंगळा फिरून गेलेला असतो आणि जाणते लोक त्यात त्यांना हवं ते बघतात. भागोजींच्या पिठावर मात्र कोणी डोकं चालवायची गरजच नव्हती. तान्ह्या बाळाचं पाऊल होतं, पाचही बोटांसकट. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

त्यानंतर वर्षभर मी गावाला गेले नाही. वर्षश्राद्धाला गेले ती कडेवर तीन महिन्यांची पोर घेऊनच. उंबऱ्यात कोणीतरी माझ्या पायांवर पाणी घालत होतं आणि मी मनात उत्तरं जुळवत होते. आता विचारतील, बाळंतपण कुठे झालं, कोणी केलं, आम्हाला कसं कळवलं नाहीस. कोणी काही विचारलं नाही. शेजारच्या प्रयागबाईने बोटांची पेरं मोजली. "श्रावनात ह्याचा जीव गेला, वैशाखात ही जन्मली. नऊ महिने बरोबर भरतात. पिठावरचा पाय तो ह्योच." कोणीतरी म्हणालं, अगो पण ही तर मुलगी. त्यावर प्रयागबाईकडे उत्तर तयार होतं. "बायकोला मारलान ना जन्मभर? आता बाईचा जन्म घेऊन फेडंल." सगळ्या हसल्या आणि मीही हसले. माझं खोटं त्यांच्या श्रद्धेखाली आयतं झाकलं गेलं होतं. मी देवाचे आभार मानले, इतकी मी मूर्ख.

मुंबईत दोघंही कामावर, म्हणून समीक्षा वर्षाची झाल्यावर आम्ही तिला कुडपणला आत्याबाईंकडे ठेवलं. आमच्या भागातली निम्मी पोरं आजीनेच वाढवलेली असतात, त्यात वेगळं काही नाही. वेगळं हे की आत्याबाई तिला 'आबा' म्हणायच्या. तिला भागोजींच्या पाटावर बसवायच्या, पहिलं ताट तिला वाढायच्या, तिला कधी नाही म्हणायच्या नाहीत. ती दोन वर्षांची असताना मी गेले होते तेव्हाची गोष्ट. दोन वर्षांचं मूल रागावलं की हात उगारतंच, जगातलं प्रत्येक उगारतं. समीक्षाने लाकडी पळी उगारली आणि आत्याबाईंचं डावं कोपर झटकन कानावर गेलं, मान खांद्यात शिरली. पोर टाळ्या पिटून हसली. पुन्हा उगारली, पुन्हा कोपर वर. ओटीवर बसलेल्या बायका म्हणाल्या, "बघा, वळखला नवऱ्याला."

पोर दहा वर्षांची झाली तेव्हा प्रवीणला महाडच्या एमआयडीसीत काम मिळालं, आम्ही बिरवाडीत खोली घेतली आणि तिला घेऊन आलो. शाळेत तिची कधी तक्रार आली नाही. माझ्याशी भांडते, दारं आपटते, पण माझ्यावर हात कधी उचलला नाही. आजी समोर आली की मात्र तिचा चेहरा बदलायचा. ती सुट्टीला कुडपणला जायची आणि परत आली की चार दिवस कोणाशी बोलायची नाही. मी काय घडलं ते विचारत नव्हते, कारण मला ते माहीत होतं.

आणि कागदावर लिहिलं होतं की हे रक्तातून आलंय. खाण तशी माती. त्या कागदातली सगळ्यात खालची रेघ खोटी आहे हे मला एका वाक्यात सांगता आलं असतं. पण मग ती कोणाची, हेही सांगावं लागलं असतं. आणि आत्याबाईंना कळलं असतं की सतरा वर्षं त्यांनी ज्याला नवरा म्हणून पोसलं, ज्याचा मार खाल्ला, ती कुठली तरी परकी पोर होती. मी दोन दिवस भाजीत मीठ घालायला विसरत होते.

शुक्रवारी सकाळी महाडला ऑपरेशन झालं. डाव्या डोळ्यावर पट्टी लावून दुपारी आम्ही आत्याबाईंना घरी आणलं. उजव्या डोळ्यालाही मोतीबिंदू आहेच, त्याचा नंबर पुढच्या महिन्यात, त्यामुळे त्यांना तसं काहीच धड दिसत नव्हतं. त्या खुर्चीत बसून पट्टीला सारखा हात लावत होत्या. समीक्षा डाव्या बाजूला उभी राहून सांगत होती, "आजी, हात लावू नको." त्या बाजूचा कान बहिरा, डोळ्यावर पट्टी. म्हातारीला ती तिथे आहे हेच ठाऊक नव्हतं. पुन्हा उजवा हात पट्टीवर गेला.

"आजी, सांगितलं ना!"

समीक्षाचा हात वर गेला. मी सुई टाकून उठले. पण म्हातारी तशीच बसून होती, मान ताठ, डावं कोपर मांडीवर, नातीऐवजी समोरच्या भिंतीकडे तोंड करून. समीक्षाचा हात हवेत राहिला. एखाद्याने पायरी आहे समजून पाय टाकावा आणि पायरी नसावी, तसं काहीतरी तिच्या तोंडावर दिसलं. तिने हाताकडे पाहिलं. मग तो खाली आला, आजीचं मनगट त्याने धरलं आणि पट्टीवरून हळूच बाजूला केलं. म्हातारीला वाटलं मी आहे, तिने विचारलं, "कोन? वैशाली काय गो?"

मी ब्लाउज शिवणारी बाई. माणसाचं तोंड नंतर बघते, आधी खांदे बघते. आत्याबाईंचा डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच वर आहे हे मला वीस वर्षं माहीत होतं. त्यांच्या ब्लाउजची शिवण दर वेळी डाव्या काखेतच उसवते, म्हणून मी तिथे दुहेरी शिलाई मारते, आत पट्टी लावते. इतकी वर्षं मी ती शिवण दुरुस्त करत होते आणि ती का उसवते हे एकदाही स्वतःला विचारलं नव्हतं. त्या दुपारी ते माझ्यासमोर उघडं पडलं. भागोजी रक्तातून उतरले नव्हते आणि पिठातूनही आले नव्हते. ते त्या कोपरात राहत होते. समोरचा हात वर जायच्या आत कोपर वर जायचं, आणि पोर त्या कोपराकडे बघून आपला हात कुठे न्यायचा ते शिकली होती. ताट सरकवणं, तळव्याने तोंड पुसणं, तेही मी नीट आठवून पाहिलं. आत्याबाई स्वतः तसंच करतात. चाळीस वर्षं त्या माणसाच्या पानासमोर बसल्यावर त्यांच्या हाताला त्याचं वळण लागलं होतं. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. ही म्हण मी शंभर वेळा दुसऱ्यांच्या पोरांबद्दल बोलले आहे.

शनिवारी डॉक्टरांनी पट्टी काढली, काळा चष्मा आणि थेंब दिले. दुपारी समीक्षा क्लासला गेली होती. मी आत्याबाईंच्या उजव्या बाजूला, ऐकू येणाऱ्या कानाशी, जाऊन बसले आणि सांगून टाकलं. पोर आमच्या पोटची नाही. संस्थेतून आणली. तुम्हाला फसवलं, मला माफ करा.

 त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला, परत लावला.

"माझे पाय धरू नको गो," त्या म्हणाल्या. "मला ठावं हाय. प्रवीन बोलला मला, दहाव्याच्या दिवशी, नदीवर. आई, आमी पोर आनतोय, गावाला सांगू नको."

 सतरा वर्षं माझा नवरा माझ्या शेजारी झोपला आणि हे बोलला नाही.

"मग पिठावरचा पाय?"

त्यांनी उजव्या हाताची मूठ वळली आणि करंगळीच्या बाजूने मांडीवर टेकवली. मग एका बोटाने वर पाच ठिपके दिले. गोकुळाष्टमीला उंबऱ्यापासून देवापर्यंत बाळकृष्णाची पावलं आपण अशीच काढतो. "सगळी निजली तवा टोपली उचलली. मी मनात म्हनला, तुझ्या पोरीला कोन विचारायला नको. ह्याच्या नावावर आली तर गाव दारात उभा ऱ्हाऊन घेईल. मेल्यावर तरी त्यानं कुनाचा भला करावा."

मला रडू आलं. ज्या बाईकडे मी पाठ करून भाकऱ्या थापल्या तिने माझ्यासाठी हे केलं होतं.

"मग तुम्हाला माहीत होतं की तिच्यात त्यांचं काही नाही. मग आबा का म्हणत राहिलात? मार का खात राहिलात?"

"आदी गावाला दावायला म्हनायची," त्या म्हणाल्या आणि त्यांचा आवाज खाली गेला. "मंग एक दिस तिनं पळी उचलली, आनि तोच हुता गो वैशाली. तोच. डोले तेच, हात तोच. मी खोटा दार उघडला आनि तो खरा शिरला. रक्त नाय लागत त्याला. दार लागतो."

"आत्याबाई, तो शिरला तो तुमच्यातून." मी त्यांचं डावं कोपर धरलं. "पोरीने हात उचलला की हे आधी वर जातं. काल पट्टी होती, तुम्हाला तिचा हात दिसला नाही, हे वर गेलं नाही, आणि तिने मारलं नाही. मी बघितलं."

त्यांनी आपल्या कोपराकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं, नव्या डोळ्याने.

"मंग मी काय करू?" त्या म्हणाल्या. "ह्यो माझा ऐकत नाय."

संध्याकाळी प्रवीण कामावरून आला. मी एवढंच विचारलं, "आईंना तू सांगितलं होतंस?" त्याने बूट काढता काढता मान डोलावली. "मग समीक्षालाही सांगते," मी म्हटलं. तो म्हणाला, "सांग. मला नाय जमायचा." त्याच्यावर ओरडायला मी तोंड उघडलं होतं, पण त्याचा चेहरा पाहून मिटलं.

रविवारी तो पहिल्या पाळीला गेल्यावर मी समीक्षाला समोर बसवलं. आत्याबाई बाहेर गॅलरीत उन्हाला बसल्या होत्या. मी तो कागद पुढे ठेवला आणि म्हटलं, हा चुकलाय, वरून तुझ्यापर्यंत रेघ येत नाही. तिला आधी कळलं नाही. मग कळलं. ती ओरडेल, दार आपटेल, यासाठी मी तयार होते. ती कागदावरच्या आपल्या वर्तुळावर अंगठा ठेवून बसली.

"बाबांना माहितीये?"

"हो."

"आजीला?"

"हो."

"म्हणजे मला सोडून सगळ्यांना." तिने अंगठा उचलला आणि विचारलं, "मग माझी आई कोण?"

"मी," असं माझ्या तोंडून आधी निघालं, आणि मग मी खरं ते सांगितलं, की जन्म कोणी दिला ते संस्थेने कळवलं नाही, कळवत नाहीत. मग पिठाचं सांगितलं. कोपराचं सांगितलं, शुक्रवारी मी काय पाहिलं ते सांगितलं. तू शिकलीस ते, मी म्हटलं, आणि शिकलेलं सोडता येतं. तुझ्यात त्या माणसाचा थेंबही नाही. तू खुशाल नर्स हो. मी बोलत राहिले, कारण मला वाटत होतं की मी तिच्या पायातली बेडी काढते आहे.

"म्हणजे आजोबा माझ्यात नव्हतेच," समीक्षा म्हणाली.

"नव्हतेच."

"जीन्समध्येही नाही."

"नाही गं."

"मग आजीला मारलं ते मी मारलं."

मला हो म्हणवत नव्हतं आणि नाही म्हणणं खोटं झालं असतं. भागोजी कितीही वाईट असोत, आतापर्यंत तिच्याजवळ बोट दाखवायला कोणीतरी होतं. मी ते काढून घेतलं होतं आणि माझी पोर एकटी पडली होती. मला तिला जवळ घ्यायचं होतं, पण ती उठली होती.

मोरीत जाऊन तिने साबणाने हात धुतले. बोटांच्या बेचक्यांतून, मनगटापर्यंत, दवाखान्यातल्या सिस्टरने दाखवलं होतं तसे. "दहा वाजले," ती म्हणाली. "थेंब मी घालते."

मी तिच्या मागून गॅलरीच्या दारापर्यंत गेले. तिने आजीचा चष्मा काढला, हनुवटीला हात लावून तोंड वर केलं. मग बाटली धरलेला हात उचलला. आत्याबाईंचं कोपर कानावर गेलं, मान खांद्यात शिरली.

समीक्षा हलली नाही. हात तसाच हवेत. "आजी," ती मोठ्याने म्हणाली, "मी समीक्षा. मी थांबते."

खाली रस्त्यावरून कंपनीची बस गेली, तिच्यामागून एक रिक्षा गेली. कोपर तिथेच होतं. समीक्षाचा दंड भरून आला, तरी तिने तो खाली घेतला नाही. आत्याबाईंनी डोळे मिटले, ओठ आवळले, आणि उजव्या हाताने आपलं डावं मनगट धरून ते कोपर खाली ओढलं. इंचभर आलं. मग मांडीपर्यंत आलं. त्यांनी डोळा उघडला. पहिला थेंब गालावर पडला, दुसरा डोळ्यात गेला.

"झालं," समीक्षा म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं होतं. मला ते दाखवायला ती वळली, आणि थांबली.

मी दारात उभी होते. माझं डावं कोपर माझ्या कानावर होतं. मान खांद्यात गेली होती. ती केव्हा गेली ते मला कळलंच नव्हतं.

"आई," समीक्षाने विचारलं, "आजोबा तुलाही मारायचे?"

भागोजींनी मला जन्मात कधी बोट लावलं नव्हतं. "नाही," मी म्हटलं. "कधीच नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. बाटलीचं झाकण लावलं, आणि मग थेंब घातलेला तो हात माझ्या नजरेआड, पाठीमागे नेला.